लष्करातून आलेले पत्र

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे वाढवून)



चिटणीससाहेबांनी मला ‘शिक्षण आणि समाज’ या विषयावर बोलायला सांगितले होते. या विषयावर आपल्या व्यासपीठावरून दरवर्षी कोणी ना कोणी बोलतेच, आणि ज्यांना हौस आहे त्यांना मागील स्मरणिकांत ती सर्व भाषणे सापडतील. म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी आज एका लहानशा वस्तूविषयी बोलणार आहे. लष्करातून, आणि तेही युद्धाच्या दिवसांत, घरी आलेले पत्र. आपल्यापैकी काहींच्या घरात असे पत्र आहे. काहींच्या घरात ते होते.

यंदा मी नववीच्या वर्गाला एक काम दिले होते. घरातील सर्वांत जुना कागद कोणता, तो शोधून त्याविषयी दहा ओळी लिहून आणा, एवढेच. मुलांनी हौसेने शोध घेतला. बहुतेकांचा सर्वांत जुना कागद म्हणजे सातबाऱ्याचा उतारा. त्याखालोखाल निकाहनामा आणि रेशनकार्ड. एकाने पणजोबांच्या नावाची गवताच्या वखारीची पावती आणली. आणि तिघांनी लिहिले, ‘फौजेतील पत्र’. त्या तिघांपैकी एकाने पुढे प्रामाणिकपणे लिहिले होते की ते पत्र गेल्या वर्षी ईदच्या साफसफाईत रद्दीत गेले, कारण ते कोणालाच वाचता येत नव्हते. त्या मुलाला किंवा त्याच्या घरच्यांना मी दोष देत नाही. जे वाचता येत नाही ते घरात किती पिढ्या सांभाळायचे? परंतु त्या दहा ओळी वाचल्यापासून हा विषय माझ्या मनातून गेला नाही.

सातबारा हरवला तर तलाठ्याकडे दुसरा मिळतो. रेशनकार्डाची दुय्यम प्रत मिळते. पत्राची दुसरी प्रत जगात कोठेही नसते.

याचा एक मोठा दाखला इतिहासात आहे. पहिले महायुद्ध १९१४ साली सुरू झाले आणि हिंदी फौज फ्रान्सच्या आघाडीवर गेली. शेतातून उठून गेलेली माणसे ती. थंडीत, चिखलाच्या खंदकात बसून घरी पत्रे लिहू लागली. १९१५ च्या मार्चपर्यंत आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे फ्रान्समधून हिंदुस्थानाकडे निघत होती. ज्यांना लिहिता येत नव्हते ते दुसऱ्याकडून लिहून घेत. सरकारला या पत्रांची धास्ती वाटली. बुलोन येथे एक कचेरी उघडून तेथे पत्रे तपासली जाऊ लागली. उर्दू, गुरुमुखी, हिंदी, आणि थोडी मराठीही. सेन्सॉरचे अधिकारी त्यांतील निवडक मजकुराचा इंग्रजी तर्जुमा करून वरिष्ठांना अहवाल पाठवीत. ते अहवाल आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी नावाच्या अभ्यासकाने त्यांतील पत्रे निवडून १९९९ साली पुस्तकही छापले.

आता यातील गंमत पाहा. गंमत कसली, दुःखच ते. सरकारने जपला तो तर्जुमा. मूळ पत्र पुढे गावाकडे गेले. म्हणजे शिपायाने आपल्या बोलीत, आपल्या शब्दांत जे लिहिले ते सरकारच्या कपाटात नाही. ते गेले एखाद्या कुडाच्या घरात, आणि तेथून वाळवीच्या, पावसाच्या आणि चुलीच्या हवाली झाले. लंडनच्या कपाटात जे नाही ते अजूनही असलेच तर आपल्या पत्र्याच्या पेटीत असेल.

या पत्रांत हुशारीही फार असे. पत्र तपासले जाते हे शिपायांना ठाऊक होते. म्हणून कोणी हिंदी शिपायांना काळी मिरी म्हणे आणि गोऱ्या शिपायांना लाल मिरची; काळी मिरी संपत आली, असे घरी कळवले की वाचणाऱ्याने समजून घ्यायचे. मुलांनो, तुम्ही वर्गात चिठ्ठ्या पाठवता त्यातली युक्ती काही नवीन नाही.

आपला या युद्धाशी काय संबंध, असे कोणी विचारील. मराठा पलटणींत त्या काळी मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या असत. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तो वेढा चालला. अन्न संपले, घोडे कापून खाल्ले गेले आणि अखेरीस सारी फौज तुर्कांच्या कैदेत गेली. समोर तुर्क, म्हणजे खलिफाची फौज. मुसलमान शिपायाच्या मनाची तेव्हा काय ओढाताण झाली असेल याचा विचार करा. ती ओढाताण कोणत्याही गॅझेटियरमध्ये सापडायची नाही. सापडली तर पत्रातच, आणि तीही दोन ओळींच्या मध्ये.

समुद्रावरची गोष्ट आणखी वेगळी. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रॉयल इंडियन नेव्हीत रत्नागिरीकडील कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा होता, आणि व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून तर आपल्या कोकणातील घरेच्या घरे होती. मुंबईला मस्जिद बंदर भागात इंडियन सेलर्स होम आहे. तेथे दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्या नाविकांचे स्मारक आहे. पहिल्या युद्धातील दोन हजारांहून अधिक, दुसऱ्यातील सहा हजारांहून अधिक. ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही अशी ही माणसे. आसनगावहून लोकलने मस्जिद स्टेशनला उतरणारे आपल्यातले व्यापारी कितीतरी आहेत. मालाची खरेदी आटोपल्यावर एकदा तिकडे पाय वळवावा. त्या नावांत आपली नावे किती आहेत ते पाहून थक्क व्हाल.

येथे एक प्रश्न टाळता येणार नाही, कारण मुले तो विचारतातच. आपल्या मुरबाड तालुक्यात सिद्धगडच्या जंगलात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. त्यांनी विजेचे मनोरे पाडून मुंबईच्या कारखान्यांचा वीजपुरवठा तोडला होता. आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातील हजारो तरुण त्याच इंग्रज सरकारच्या वर्दीत आफ्रिकेत आणि ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर लढत होते. मग खरे कोण? वर्गात एका मुलीने हा प्रश्न मला विचारला. मी तिला उत्तर दिले नाही. म्हटले, तुझ्या पणजोबांचे पत्र असेल तर ते वाच. त्यात पगाराची मनीऑर्डर पोचली का, सावकाराचे किती फिटले, बहिणीचे लग्न कधी, असे काही असेल. त्या युद्धात पंचवीस लाख हिंदी माणसे फौजेत होती. सारीच काही राजाच्या प्रेमापोटी गेली नव्हती आणि सारीच पोटापायी गेली असेही नाही. कोणाच्या मनात काय होते ते त्याच्या अक्षरावरून ठरवावे, आपल्या आजच्या सोयीवरून नव्हे. सिद्धगडाला आपण दोन जानेवारीला जातो, जायलाच हवे. पण म्हणून आजोबांची पदके लपवून ठेवायचे कारण नाही.

आता घरचे सांगतो. विषयच असा आहे की ते सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

माझे वडील फौजेत ड्रायव्हर होते. मुरबाड तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. १९९९ साली मार्चच्या अखेरीस बकरी ईद होती, तेव्हा ते सुटीवर आले होते आणि परत गेले. मे महिन्यात कारगिलचे युद्ध सुरू झाले. ते कोठे आहेत हे घरी कोणालाच ठाऊक नव्हते, कारण फौजेच्या पत्त्यावर गावाचे नाव नसते. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’. टपाल आधी दिल्लीच्या तळावर जाते, तेथून पलटण जेथे असेल तेथे. पूर्वेकडच्या फौजेसाठी ९९ ए.पी.ओ., त्याचा तळ कोलकात्याला. आमच्या शेजारच्या आजी ‘छप्पन’ हे काश्मीरमधले एखादे गाव आहे असे समजत असत आणि तिथे पाऊस कसा आहे असे विचारीत.

त्यांचे ११ जून १९९९ चे पत्र आमच्या घरी आहे. फौजी इनलँड, तिकीट नाही, फक्त टपालाचा गोल शिक्का आणि त्यात एक नंबर. पत्र पोचायला तेरा दिवस लागले. मी मराठीचा शिक्षक असल्यामुळे सवयीने मोजले आहे. त्या एका पत्रात ऱ्हस्व-दीर्घाच्या एकोणीस चुका आहेत. ‘खुशाल’ हा शब्द चार वेळा आला आहे आणि चारही वेळा वेगळा लिहिला आहे. आमच्या शाळेत असा निबंध आला तर पस्तीस गुण मिळणे मुश्कील.

काय आहे त्या पत्रात? सलाम आहे. मी येथे खुशाल असून तुमची खुशाली खुदाकडे नेक चाहतो, असे आहे. मग घराचे. पावसाआधी पडवीची कौले चाळून घेतली का. मागच्या बाजूला ताडपत्री बांधावी. राब भाजला तेव्हा मजूर किती लागले, आवणीला माणसे मिळतील ना. अमुक दुकानदाराचे इतके देणे आहे, ते मनीऑर्डर आल्यावर आधी द्यावे. पत्र हाती पडले तेव्हा पडवी गळून आठ दिवस झाले होते. मग माझ्यासाठी तीन ओळी आहेत. माझे अक्षर मागच्या पत्रापेक्षा सुधारले आहे, पण ओळ वरच्या अंगाला जाते, तेव्हा खाली रेघ आखून लिहावे. मी तेव्हा चौथीतून पाचवीत गेलो होतो. युद्धाविषयी एक अक्षर नाही.

नाही म्हणायला एक वाक्य आहे. “इथं रात्री दिवे न लावता गाडी चालवतो, आता सवय झाली.” मला लहानपणी वाटे, फौजेत बॅटरीची काटकसर करीत असावेत. पुढे मोठेपणी त्या रस्त्याविषयी वाचले तेव्हा उमगले. श्रीनगरहून झोजी-ला ओलांडून द्रास, द्रासहून कारगिल, आणि पुढे लेह. श्रीनगर ते कारगिल सुमारे दोनशे किलोमीटर. द्रासजवळ तोलोलिंगच्या डोंगरावर शत्रू बसला होता आणि खालचा रस्ता त्याला तळहातासारखा दिसत होता. दिवा दिसला की तोफेचा गोळा. आपल्या जवानांनी तोलोलिंग घेतले ते १३ जूनला. म्हणजे हे पत्र लिहिले त्याच्या दोन दिवसांनी. दारूगोळ्याने भरलेला ट्रक, अंधार, एका बाजूला दरी, आणि हा माणूस घरी लिहितो की सवय झाली. पुढची ओळ कौलांची.

त्याच पत्रात सातारा बाजूच्या एका साथीदाराने माझ्या आईला नमस्कार कळवला आहे. त्याआधीच्या दोन पत्रांतही तो आहे. एकदा त्याच्या गावाहून आलेल्या चिवड्याचा उल्लेख आहे. जुलैच्या पत्रात त्याचे नाव नाही. ऑगस्टच्या पत्रातही नाही. आईने उत्तरात विचारले होते, त्याला उत्तर आले नाही. वडील सुटीवर आले तेव्हा तिने पुन्हा विचारले, तेव्हा म्हणाले, त्याची पेटी मीच बांधली. एवढेच. मुलांनो, पत्र वाचायला शिकणे म्हणजे लिहिलेले वाचणे तर आहेच, पण एखादे नाव कोणत्या तारखेपासून येईनासे झाले हे पाहणेही आहे. इतिहासाच्या पुस्तकात हे शिकवत नाहीत.

वडील आता निवृत्त आहेत. या पत्रांविषयी बोललो की हसतात. “कागदच तो, त्यात काय आहे?” असे त्यांचे म्हणणे. जपली ती आईने. बिस्किटाच्या डब्यात, निकाहनाम्याच्या खाली. आणि एक गोष्ट मला फार जाणवते. आईने त्यांना लिहिलेल्या पत्रांपैकी एकही शिल्लक नाही. ट्रकवरचा माणूस पत्रे कोठे बाळगणार? प्रत्येक फौजी घराची हीच कथा आहे. संभाषण दोघांचे, पण हाती उरते एकाचेच. बायांनी काय लिहिले, घर कसे चालवले, मूल आजारी असताना ‘सर्व खुशाल’ असे किती वेळा लिहिले, ते सारे गेले. यासाठी आज येथे बसलेल्या आयांना माझी विनंती आहे; तेव्हा तुम्ही काय लिहिले होते ते आठवेल तितके मुलांना सांगा, आणि मुलांनी ते त्याच पत्राशेजारी लिहून ठेवावे.

आणखी मागे गेलो तर बायांना लिहिता-वाचताही येत नसे. पत्र आले की पोस्टमन, मास्तर किंवा मशिदीतील मौलवी वाचून दाखवीत. चार माणसे ओट्यावर बसलेली. लिहिणाऱ्याला हे ठाऊक असे. एक अधिकारी तपासणार, एक मास्तर वाचणार, सारा मोहल्ला ऐकणार, मग त्यात बायकोसाठी काय लिहायचे? म्हणून तो लिहितो, ‘शेळीला जपा’. कोणी या पत्रांना रुक्ष म्हणाले तर मला राग येतो. त्यांत माया नाही असे नाही; तिला उघड्यावर बसायला जागा नव्हती.

सर्वच पत्रे लिहिणारे परत आले असे नाही. कारगिलच्याच युद्धातील कॅप्टन विजयंत थापर यांचे उदाहरण आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. दुसऱ्या राजपुताना रायफल्सचा हा बावीस वर्षांचा अधिकारी २९ जून १९९९ च्या पहाटेपूर्वी द्रास भागात धारातीर्थी पडला. हल्ल्यापूर्वी त्याने आईवडिलांना पत्र लिहून ठेवले होते, आपण परत आलो नाही तर द्यावे म्हणून. त्यात मोठमोठे शब्द फारसे नाहीत. अनाथाश्रमाला काही द्यावे असे आहे, आणि कुपवाड्याच्या बाजूच्या एका लहान मुस्लिम मुलीला दरमहा पन्नास रुपये देत राहावे असे आहे. अतिरेक्यांनी त्या मुलीच्या बापाला मारले होते आणि त्या धक्क्याने तिची वाचा गेली होती; या तरुण अधिकाऱ्याने तिला माया लावली होती. आईवडिलांनी मुलाचा शब्द पाळला. वडील स्वतः निवृत्त कर्नल. मुलगा जेथे पडला त्या पहाडाकडे ते पुढे वर्षानुवर्षे जात राहिले. याच युद्धात तुर्तुक भागात राजपुताना रायफल्सचेच कॅप्टन हनीफुद्दीन कामी आले. बर्फातून त्यांचा देह खाली आणायला महिन्याहून अधिक काळ लागला. दोघांनाही मरणोत्तर वीरचक्र मिळाले.

सव्वीस जानेवारीला आपण ब्रिगेडियर महंमद उस्मान आणि हवालदार अब्दुल हमीद यांची नावे घेतो. १९४८ चे झांगड आणि १९६५ चे खेमकरण आपल्या मुलांना पाठ आहे. ही नावे घ्यावीतच. परंतु आपण ती घेतो तेव्हा पुष्कळदा कोणाला तरी काहीतरी सिद्ध करून दाखवायच्या सुरात घेतो, आणि तो सूर मला पटत नाही. माझ्या वडिलांनी ते पत्र काही सिद्ध करण्यासाठी लिहिले नव्हते. कौले गळू नयेत म्हणून लिहिले होते.

आता थोडे व्यवहाराचे बोलू या. आपल्या भागात पाऊस उदंड. तानसा, वैतरणा, भातसा ही धरणे उगाच आपल्याकडे बांधली नाहीत. भातसा धरणात ज्यांची गावे गेली त्यांना विचारा, घर हलवताना भांडी सोबत येतात, कागद राहून जातात. जे उरले त्याला ओल आणि वाळवी हे दोन शत्रू. पत्रे भिंतीला लागून ठेवू नयेत, जमिनीवर तर मुळीच नकोत. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवावीत, आणि पावसाळा सरला की एकदा बाहेर काढून सावलीत वारा द्यावा. उन्हात नव्हे, उन्हाने शाई उडते. टाचण्या आणि स्टेपल काढून टाकावेत, ते गंजतात. फाटलेल्या घडीला चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांनी ती पिवळी पडते आणि अक्षरे घेऊन निघते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लॅमिनेशन करू नये. बाजारात दहा-वीस रुपयांत चकचकीत करून देतात, पत्र छान दिसते, पण उष्णतेने ते कागदाला कायमचे चिकटते आणि पुन्हा सोडवता येत नाही. कुठलेही पत्र हाती घेण्यापूर्वी हात धुवावेत हे वजू करणाऱ्यांना मी काय सांगावे!

फोन तर आता प्रत्येकाच्या खिशात आहे. दोन्ही बाजूंचा, आणि पाकिटाचाही फोटो काढावा. पाकीट फेकू नये, कारण पत्रावर तारीख नसली तरी पाकीट बोलते. त्यावर राजाचे चित्र आहे की अशोकस्तंभ? किंमत आण्यांत असेल तर ते एप्रिल १९५७ पूर्वीचे असण्याचा संभव फार. ‘नये पैसे’ असतील तर त्यानंतरच्या सात वर्षांतले. इनलँड पत्र असेल तर ऑक्टोबर १९५० नंतरचे, कारण त्याआधी ते आपल्याकडे नव्हतेच. पाकिटावर निर्वासितांच्या साहाय्यासाठी लावलेले पाच पैशांचे जादा तिकीट दिसले तर ते नोव्हेंबर १९७१ ते मार्च १९७३ मधले; बांगलादेशच्या युद्धाच्या वेळचा तो कर होता. आणि पत्त्यात शहापूर ४२१६०१ किंवा मुरबाड ४२१४०१ असा पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचेच. विद्यार्थ्यांनी हे एकदा करून पाहावे, गणितापेक्षा मजा येते. पहिल्या महायुद्धाची पदके घरात असतील तर त्यांची कड भिंगाखाली पाहा. नंबर, नाव आणि पलटण तेथे कोरलेली असते. त्यावरून पुढचा शोध लागू शकतो.

राहता राहिला वाचण्याचा प्रश्न, आणि रद्दीत गेलेल्या त्या पत्राचा खरा मुद्दा तोच होता. आपल्या घरांत तीन-तीन लिप्या नांदल्या. पणजोबांच्या काळचे मोडी, आजोबांचे उर्दू, आपले बाळबोध. शिवाय फौजेत इंग्रजांनी उर्दू रोमन अक्षरांत शिकवली होती, त्यामुळे काही पत्रांत अक्षरे इंग्रजी आणि भाषा आपली असा प्रकार दिसतो. लोक ते इंग्रजी समजून बाजूला ठेवतात. मोठ्याने वाचून पाहा, आजोबा बोलू लागतील. आपली मुले मराठी शाळेत शिकतात याचा मला अभिमान आहे, मी स्वतः तसाच शिकलो. पण घरातले उर्दू पत्र वाचण्यापुरती तरी उर्दू ज्याला येत नाही त्याच्यापुरते त्याचे आजोबा मुके झाले, ही गोष्टही खरी. आणि आज सरहद्दीवर असलेली आपली पोरे रोज व्हिडिओवर दिसतात, बोलतात, याचा आनंद आहेच. परंतु फोन बदलला की सारे पुसले जाते. महिन्यातून एक पत्र हाताने लिहा असे त्यांना कळवायला काय हरकत आहे? ५६ ए.पी.ओ. अजून चालू आहे.

चिटणीससाहेबांशी बोलून एक व्यवस्था ठरवली आहे, ती सांगून मी खाली बसतो. पुढील महिन्यापासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर नववीच्या वर्गात जुनी पत्रे वाचण्याचे काम सुरू होईल. घसटे उर्दू अक्षर वाचून देण्याचे मौलानासाहेबांनी कबूल केले आहे. मोडीसाठी एक निवृत्त तलाठी येणार आहेत. ते चहाखेरीज काही घेणार नाहीत असे त्यांनी आधीच बजावले आहे. वाचलेला मजकूर विद्यार्थी वहीत उतरवून घेतील आणि प्रत घरच्यांना देतील. घरातील खासगी मजकूर बाहेर जाणार नाही, छापला तर जाणारच नाही. ज्यांना फक्त वाचून घ्यायचे आहे त्यांनी फक्त वाचून घ्यावे. मूळ पत्र मात्र आणू नका. मुरबाडहून येणाऱ्या एस.टी.ची गर्दी तुम्हाला ठाऊक आहे, आणि त्यात पावसाचे दिवस. फोटो काढून आणा, पत्र घरीच राहू द्या.